दुमडलेला कोपरा

ओसिनोव्का, २० सप्टेंबर १८२७

आर्स्युशा,

तुझं जुलैतलं पत्र आत्ता पोचलं. टपालवाला म्हणतो, रस्ते खराब आहेत. मी म्हणते, तू ते लिहून दीड महिना खिशात घेऊन हिंडलास. दोघांनाही आपापलं म्हणणं खरं वाटतं, तेव्हा राहू दे.

इथे कोबी खारवायला घेतलाय. घरभर, केसांना, उशांना त्याचाच वास येतो. सफरचंदं यंदा एवढी झाली की डुकरांनीही तोंड फिरवलं. तुझ्या तिशी ओलांडलेल्या, बिनलग्नाच्या बहिणीचं हे असं चाललंय. आता कामाचं सांगते.

आपल्या उस्तिन्याचं लग्न ठरलं. मुलगा तालुक्याच्या गावचा येफिम, घोड्यांचे खोगीर-लगाम शिवणारा. स्वतंत्र माणूस, कोणाच्या नावावर नाही. कान जरा मोठे आहेत आणि बोलतो कमी, पण जत्रेत उस्तिन्याची लेस बघायला तीनदा आला आणि तिन्ही वेळा लेसकडे त्यानं पाहिलं नाही, असं पेलागेया दाई सांगते. म्हातारी सध्या जमिनीवर चालतच नाही. आईला ताप भरला होता तेव्हा तिनं तुला आणि उस्तिन्याला एकदमच अंगावर पाजलं. आधी तू पोटभर प्यायचास, उरेल ते तिच्या लेकीला. तरी दूधबहीण तुझ्यावर जीव टाकते. अजून विचारते, "धाकट्या मालकांचा खोकला गेला का?" तो खोकला तुला तू सहा वर्षांचा असताना झाला होता.

बाबांनी शेवटच्या दुखण्यात काय सांगितलं होतं ते तुला आठवत असेल. उस्तिन्याचं लग्न होईल त्या दिवशी तिला मोकळं करायचं. तू त्यांचा हात चुंबून हो म्हणालास. दाई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. उस्तिन्या तुझ्या नावावर आहे, तेव्हा तुझ्या सहीचा मुक्तीचा कागद आल्याशिवाय पाद्री लग्न लावणार नाहीत. नोव्हेंबरच्या मध्याला नाताळचे उपास सुरू झाले की लग्नं बंद. कागद लवकर पाठव.

पत्त्यांबद्दल विचारत नाही. तेही तू बाबांना कबूल केलं होतंस. गेल्या हिवाळ्यात बर्चची राई गेली. चर्चला जाताना मला तिथले खुंट दिसतात, एवढंच सांगते.

तुझी ग्लाशा


पेन्झा, २ ऑक्टोबर

ताई,

तू रागावलेली असलीस की तुझं अक्षर फार सुंदर येतं. हे पत्र तर चौकट करून लावण्यासारखं आहे.

उस्तिन्याचं वाचून मला इतका आनंद झाला की मी पलटणीतल्या चार जणांना बळजबरीने ती बातमी सांगितली. मोठ्या कानांचा नवरा चांगला. बायकोचं ऐकेल तरी.

आता नीट वाच. कागद इथूनच करावा लागेल. कचेरीतला कारकून म्हणतो, जिचा कागद तिनं समोर उभं राहिलं पाहिजे. आणि मलाही तिला माझ्या हातानं आशीर्वाद द्यायचाय, शाल घ्यायचीय. दूधभाऊ म्हणून एवढा हक्क नाही का मला? तुमचे घोडे नको दमवूस. इथे निवृत्त कप्तान झाव्यालोव म्हणून एक सद्गृहस्थ आहेत, त्यांची गाडी बारा तारखेला तुमच्याकडे येईल. दाईला सोबत पाठवू नकोस, रस्त्यात हाडं खिळखिळी होतील. येफिमलाही नको. कचेरीत पुरुषमाणसं नुसती भांडतात.

तिला लेस विणायची उशी आणि दोरा गुंडाळायच्या टिपऱ्या घेऊन यायला सांग. इथल्या बायकांना बघायचंय. तिचे डोळे अजून तसेच तेज आहेत ना? लेस विणणाऱ्यांची नजर लवकर जाते, असं परवा कोणी तरी म्हणत होतं.

पत्ते मी हातात धरत नाही. रविवारी झाव्यालोवकडे जेवायला जातो, कारण गावात दुसरीकडे सूप म्हणजे गरम पाणी. जेवणानंतर ते खेळतात आणि मी टेबलामागे उभा असतो. उभं राहायला कुठे बंदी आहे?

तुझा
आर्सेनी


ओसिनोव्का, १३ ऑक्टोबर

आर्स्युशा,

काल उस्तिन्याला पाठवलं. मी तुझ्याबद्दल जे काही वाईट बोलले असेन, त्यातलं अर्धं मागे घेते. उरलेलं अर्धं कागद हातात पडल्यावर.

गाडी वेळेवर आली. चांगली गाडी, आत कातडी गादी. उस्तिन्या आधी तिच्यात बसेचना, म्हणाली, "मी गाडीवानाशेजारी बसते, बाईसाहेब. आत बसले तर गादी मळेल." निघण्याआधी आम्ही सगळे रीतीप्रमाणे घडीभर गप्प बसलो. मी, दाई, स्वयंपाकीण, आणि येफिम दाराजवळच्या पेटीवर. कोणी बोलायचं नसतं, तर उस्तिन्याला हसू फुटलं. दाईनं तिच्या गुडघ्यावर चापट मारली. मग सगळे उठले आणि दाईनं तिच्या कपाळावर क्रूस काढला. तिकडून ती मोकळी होऊन येणार म्हणून म्हातारीनं डोळ्याला रुमालाचं टोक लावलं आणि लगेच स्वतःलाच रागावली, की शुभकार्याला रडतात का.

झाव्यालोवचा गाडीवान मात्र ओबडधोबड प्राणी. आमचं कोबीचं सूप दोन वाट्या प्यायला आणि अंगणात येऊन विचारतो, "ह्यांतली आमची कुठली?" मी म्हटलं, "तुमची कुठली नाही, आमची ही." तो म्हणाला, "बरं, बरं," आणि तिचे हात उलटेपालटे करून बघितले. मला वाटलं, लेसचं नाव इतकं पसरलंय की गाडीवानांनाही बोटांचं कौतुक. येफिमला ते आवडलं नाही. तो गिरणीपर्यंत गाडीच्या बाजूनं चालत गेला. परत आल्यावर मी विचारलं, "काय बोललात रे एवढं?" तर म्हणाला, "काही नाही. ती म्हणाली, दहा दिवसांत येते."

लग्नाला आठ नोव्हेंबर धरलाय. तू येणार असशील तर कळव. तुझ्या ताटासाठी हंस राखून ठेवलाय. त्याला अजून काही माहीत नाही.

तुझी
ग्लाशा


ओसिनोव्का, १४ नोव्हेंबर

आर्सेनी,

मी तुला तीन पत्रं धाडली. एकाचंही उत्तर नाही. आठ तारीख गेली. उद्यापासून उपास सुरू.

येफिम परवा पेन्झ्याला गेला होता. आज दुपारी तो स्वयंपाकघरात आला, टोपी काढली आणि उभा राहिला. मी बस म्हटलं तरी बसला नाही. तो जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते माझ्या शब्दांत सांगता येत नाही.

"मी कप्तानांच्या फाटकावर गेलो. म्हटलं, उस्तिन्या इथे आहे का? तिथले नोकर म्हणाले, आहे. म्हटलं, तिला भेटू द्या, आमचं लग्न आहे. ते हसले. म्हणाले, तिचं लग्न कप्तान लावतील तेव्हा, लावतील त्याच्याशी. ती आता आमची आहे. मी म्हटलं, ती ओसिनोव्काची आहे. तर त्यांचा कारभारी बाहेर आला. म्हणाला, तुझ्या ओसिनोव्काच्या धन्यानं ती पत्त्यांत घालवली. सप्टेंबरातच. आम्ही फक्त तिला आणवली."

पेलागेया चुलीजवळ पीठ चाळत होती. तिनं चाळणं थांबवलं नाही. तो गेल्यावर मला म्हणाली, "हा पोरगा दारू पिऊन आलाय, बाई. आमच्या आर्स्युशाला मी पाजलाय. मला माहीत नाही का तो कसा आहे?" आणि पुन्हा चाळायला लागली. त्याच पिठात, चाळून झालेल्या.

मी सकाळपासून काहीही खाल्लेलं नाही. सप्टेंबरात, म्हणतो तो. तू मला ऑक्टोबरात शालीबद्दल लिहिलंस. तिचे डोळे तेज आहेत का विचारलंस. मी तिला स्वतः गाडीत बसवलं, पायांवर पांघरूण घातलं.

हे खोटं आहे असं लिही. एका ओळीत लिही, मी दुसरं काही मागत नाही.

ग्लाफिरा


पेन्झा, २० नोव्हेंबर

ताई,

खोटं नाही.

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. प्रत्येक वेळी त्यात झाव्यालोव दोषी निघाला. या वेळी जसं झालं तसं लिहितो.

रविवारी चर्चमधून निघताना टपालवाल्यानं तुझं लग्नाचं पत्र हातात दिलं. तिथेच पायऱ्यांवर वाचलं. माझे डोळे भरून आले, ताई, हे खरं आहे. ठरवलं, उद्याच कचेरीत जाऊन कागद करायचा. मग झाव्यालोवकडे जेवायला गेलो. खिशात तुझं पत्र. इतका चांगला दिवस, ऊन पडलेलं, सगळ्यांशी गोड बोललो. वाटलं, अशा दिवशी एक पान धरलं तर काय होणार? तिला लग्नाचा आहेर तरी निघेल.

खेळ तू कधी पाहिला नाहीस. आपण एक पान निवडून टेबलावर ठेवायचं. झाव्यालोव दुसऱ्या जोडातली पानं उलटत जातो, एक उजवीकडे, एक डावीकडे. आपलं पान उजवीकडे पडलं तर त्याचं, डावीकडे पडलं तर आपलं. बास. लहान पोरालाही कळेल. मी जिंकत होतो. शाल, तिचं सामान, येफिमच्या दुकानाला नवं छप्पर, सगळं जिंकलो होतो. तेव्हा उठलो असतो तर तू मला देवमाणूस म्हटलं असतंस. मग ते गेलं. मग घोडा गेला.

मी लोकांना सांगितलं की झाव्यालोवनं उस्तिन्याला मागितलं. त्यानं मागितलं नाही. तो पानं पिसत होता आणि मला उठायला वेळ देत होता. मीच म्हणालो, "माझ्याकडे एक लेस विणणारी आहे." त्यानं विचारलं, "वय?" मी सांगितलं. माझंच वय सांगायचं होतं, आठवावं लागलं नाही.

बदामाची राणी. उजवीकडे पडली.

पत्त्यांतलं देणं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यावं लागतं, नाहीतर अंगावरचा गणवेश उतरवावा लागतो. इथे शिंप्याचं दोन वर्षं थकलंय, त्याची कोणाला लाज नाही. पण हा अब्रूचा प्रश्न. मी विक्रीखतावर सही केली. बाबांना दाईच्या देखत दिलेला शब्द हा घरातला शब्द होता, ताई. तो मोडला तर कोणी मला पिस्तूल घेऊन द्वंद्वाला बोलावणार नाही. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. असं आहे, एवढंच.

ती आली त्या दिवशी मी झाव्यालोवच्या खिडकीत होतो. ती गाडीतून उतरली, मी दिसलो, आणि ती हसून वाकली. मी पडद्यामागे झालो.

आता ऐक. सगळं संपलेलं नाही. झाव्यालोव तिला विकणार नाही. जिंकलेली वस्तू विकली की हातातलं नशीब उतरतं असं तो मानतो, आणि इथले सगळेच मानतात. पण जिंकलेली वस्तू परत जिंकता येते. त्याला काहीतरी तोलामोलाचं हवं. आईचे मोती तुझ्याकडे आहेत. पाठव. मी गेले कित्येक रविवार नुसतं उभं राहून बघतोय. राणी सलग दोनदा उजवीकडे क्वचितच पडते. या वेळी मला खात्री आहे, आणि अशी खात्री मला आधी कधीच नव्हती.

तुझा दुष्ट भाऊ
आर्सेनी


ओसिनोव्का, ३ डिसेंबर

आर्सेनी,

मोती तुला पाठवले नाहीत. मी स्वतः घेऊन गेले होते. पेन्झ्यात असून तुला भेटले नाही, कारण तुझं तोंड बघायची माझी तयारी नव्हती.

येफिमनं बर्फावरची घसरगाडी हाकली. वाटेत तो एकदाच बोलला. "विकणार नसतील तर, बाईसाहेब?" मी म्हटलं, "विकतील. बाईमाणूस समोर उभं राहिल्यावर कोण नाही म्हणेल?" तो बाहेर अंगणात घोड्यांपाशी थांबला.

झाव्यालोव मला राक्षस असेल असं वाटलं होतं. बुटका, स्वच्छ नखांचा माणूस आहे. आवाज चर्चमध्ये वाचणाऱ्यासारखा. उपास कडक पाळतो. मला अळंब्याचं सूप वाढलं आणि चहात दूध नाही म्हणून माफी मागितली. मी मोती टेबलावर ठेवले, हात जोडले, बाबांचा शब्द सांगितला, दाईचं सांगितलं. रडले. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "ग्लाफिरा प्लातोनोव्ना, तुमच्याबद्दल मला फार आदर वाटतो. पण जिंकलेलं मी विकत नाही. वडिलांनी एकदा विकलं होतं, वर्षाच्या आत घर गेलं. एक पान खेळा. मोती तुमचे, ती माझी. त्यात माझा इलाज नाही आणि तुमचाही नाही."

मी पत्त्याला कधी बोट लावलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. पण दुसरा रस्ता नव्हता. मी म्हटलं, तिला आधी इथे आणा. मला तिला बघायचं होतं.

उस्तिन्या आली. वाळलीय. ती भिंतीशी उभी राहिली. मी जोडातून सत्ती काढली. का, ते सांगता येणार नाही. तो पानं उलटायला लागला. उजवी, डावी, उजवी, डावी. मला वाटलं मी बसल्या जागी मरणार. मग डावीकडे सत्ती पडली.

"तुमची," तो म्हणाला.

आर्स्युशा, हे मी कोणाला सांगणार? तुलाच सांगते, कारण दुसऱ्या कोणाला कळणार नाही. मी इतकी वर्षं कोबी, साठवण, दुखणी, मयतं यांत काढली. मला हवं म्हणून काहीही कधी माझ्याकडे आलेलं नाही. एक नवरा आला नाही, एक पत्र वेळेवर आलं नाही. आणि तिथे मी एक पान ठेवलं, मनात हवं म्हटलं, आणि ते आलं. सगळं एकदम स्वच्छ दिसायला लागलं. टेबलावरचं हिरवं कापड, त्यावरची हिशेबाच्या खडूची भुकटी. मला हसू येत होतं.

उस्तिन्यानं शाल डोक्यावरून घेतली. लेसची उशीही काखेत मारली. माझ्याजवळ येऊन बाही धरून म्हणाली, "बाईसाहेब, चला. येफिम थंडीत उभा असेल."

झाव्यालोव पानं गोळा करत होता. सहज म्हणाला, "तुमच्या वडिलांची राईही याच टेबलावरून आली. तोडली खरी, पण जमीन आहे तशी आहे. तुमच्या भावाचा घोडाही आहे. तुम्ही कोपरा दुमडलात, म्हणजे मोती आणि जिंकलेलं सगळं तसंच पुढच्या पानावर ठेवलंत, तर माझ्याकडून ते दोन्ही." आणि लगेच म्हणाला, "पण मी आग्रह करत नाही. घसरगाडी तयार आहे."

मी उस्तिन्याला म्हटलं, "थांब जरा."

ती म्हणाली, "बाईसाहेब, नको."

मी म्हटलं, "थांब गं जरा, एकच मिनिट." चिडून म्हटलं. जशी मी स्वयंपाकघरात मुलींवर चिडते तशी. आणि सत्तीचा कोपरा दुमडला.

उजवीकडे पडली. तिसऱ्याच पानाला.

झाव्यालोवनं स्वतःच्या छातीवर क्रूस काढला. मला वाटतं त्यालाही नको होतं. उस्तिन्यानं शाल काढली, घडी घातली. माझा हातमोजा खाली पडला होता, तो उचलून माझ्या हातात दिला आणि ज्या दारानं आली त्या दारानं आत गेली. तिनं मला थोबाडीत मारली असती तर मी तिचे पाय धरले असते.

अंगणात येफिमनं माझ्या मागे दाराकडे पाहिलं. मी म्हटलं, "कप्तान ऐकत नाहीत." दाईलाही तेच सांगितलं. तिनं मला जवळ घेतलं. म्हणाली, "तू तरी गेलीस गं माझ्या पोरीसाठी. एवढं कोण करतं?" मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिले आणि तिचा तो समज तसाच राहू दिला.

मी माणूस आहे का रे?

ग्लाशा


पेन्झा, ८ डिसेंबर

ताई, माझी सोन्यासारखी ताई,

तुझं पत्र वाचून मी खोलीभर येरझाऱ्या घातल्या. रडलो आणि हसलोही. बाबा गेल्यापासून मला पहिल्यांदाच वाटलं की जगात मला कोणी आहे. सगळे मला नालायक म्हणतात, तूही म्हणायचीस, आणि मी मान खाली घालायचो, कारण समजावणार कसं? आता समजवायला नको. टेबलावरचं कापड स्वच्छ दिसायला लागतं ना? खडू, माणसांची बोटं, सगळं. मी हे कोणाला कधी सांगितलं नव्हतं आणि तू ते मलाच लिहून पाठवलंस.

तुझी चूक फक्त एकच झाली. तेच पान पुन्हा धरायचं नसतं. सत्ती डावीकडे पडली की ती थकते, तिला सोडून द्यायची. हे नवशिक्याला कोण सांगणार? मी शेजारी असतो तर तुझा हात धरला असता आणि आज राई आपली असती.

शनिवारी झाव्यालोवकडे मोठा खेळ आहे. ये. पान तू निवड, तुझा हात नवा आहे. कोपरा कधी दुमडायचा ते मी सांगेन. काहीतरी ठेवायला मात्र घेऊन ये. माझ्याकडे आता एक दुर्बीण आणि दोन सदरे आहेत, आणि सदऱ्यांवर कोणी पान उलटत नाही.

तुझा, अगदी तुझाच
आर्सेनी


ओसिनोव्का, ११ डिसेंबर

आर्स्युशा,

शनिवारी येते. दुपारच्या आत पोचेन, उजेडात खेळ सुरू झाला तर बरं.

तुझं पत्र मी फाडून चुलीत टाकलं आणि तुझ्याशी या जन्मात बोलायचं नाही असं ठरवलं. ते मंगळवारी. काल कपाटातून बाबांचा पत्त्यांचा जोड काढून जेवणाच्या टेबलावर उजवी-डावी मांडून पाहिलं. तू म्हणतोस ते खरं आहे. डावीकडे पडलेलं पान पुढच्या फेरीत बहुतेक उजवीकडे जातं. मी बऱ्याच वेळा मांडलं. दश्शी मात्र वेगळी वागते. भेटल्यावर सांगते.

ठेवायला काय आणायचं याचा खूप विचार केला. मोती गेले, जमिनीचा माझा वाटा गहाण आहे. मग सुचलं, आणि सुचल्यावर इतकं हलकं वाटलं की आधी कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं. पेलागेया माझ्या नावावर आहे. वय झालंय, पण झाव्यालोवच्या घरी उपासाचं जेवण किती बेचव होतं ते मी खाल्लंय, आणि दाईच्या हातचं त्यानं एकदा खाल्लं की तो नाही म्हणणार नाही. म्हणून तिला सोबतच आणते. तिला सांगितलंय, उस्तिन्याकडे जातोय. पहाटेपासून तिनं अळंबीचं सारण भरून पिरोग भाजलेत, येफिमसाठी वेगळे बांधलेत, आणि स्वच्छ रुमाल डोक्याला बांधून दाराजवळच्या पेटीवर केव्हाची बसून आहे. मला सारखं विचारते, "निघायचं ना गं?"

तू घाबरू नकोस. मी सगळा विचार केलाय. जिंकलो तर दोघींना घेऊन घरी येऊ. हरलो तरी माय-लेकी एका ठिकाणी तर राहतील.

ग्लाशा